सगळेच बोलले तर ऐकणार कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर एक जण बोलतो आणि हजारो जण ऐकतात. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातली मुख्य अट आपल्या ध्यानातही येत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी बोलायचं नाही, ही ती अट. तुमच्या घरातला रेडिओ फक्त ऐकतो. त्यामुळे एका गावात दहा रेडिओ असोत की दहा हजार, प्रक्षेपण करणाऱ्या मनोऱ्याला काहीच फरक पडत नाही.

एका मनोऱ्याचा आवाज जिथं पोचत नाही, तिथं दुसरं केंद्र तोच कार्यक्रम घेऊन पुढं पाठवतं. ‘हा कार्यक्रम अमुक केंद्रांवरून सहक्षेपित केला जात आहे’ हे वाक्य रेडिओच्या जुन्या श्रोत्यांना पाठ असेल. सहक्षेपण, म्हणजे इंग्रजीतला रिले. यातही सगळं आधी ठरलेलं असतं. कुठलं केंद्र कुठं उभारायचं, त्याची शक्ती किती, शेजारची दोन केंद्रं एकमेकांच्या लहरींवर येणार नाहीत ना, याचा हिशेब अभियंत्यांनी कागदावर मांडलेला असतो.

आता हे मनोरे नाहीत अशी कल्पना करा. कल्पनाच कशाला, २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस आठवा. वीज गेली आणि कित्येक भागांत मोबाइल मुके झाले. लोकांच्या खिशातली यंत्रं धड होती. पण मोबाइलच्या मनोऱ्यांना वीज लागते, बॅटरी संपली की तेही थांबतात. हातातल्या मोबाइलमध्ये रेडिओलहरी पाठवणारं आणि पकडणारं असं दोन्ही साहित्य असतं. मग मनोऱ्याला वगळून या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं, आणि एकाला कळलेला धोक्याचा इशारा हातोहात सगळ्यांपर्यंत पोचवावा, हे शक्य आहे का?

शक्य आहे. अशा जाळ्याला तंत्रज्ञ ‘ॲड हॉक’ जाळं म्हणतात. हा शब्द आपल्याला सरकारी कारभारातून माहीत आहे. ॲड हॉक समिती म्हणजे त्या कामापुरती नेमलेली समिती. तसंच हे त्या वेळेपुरतं, त्या जागेपुरतं जमलेलं जाळं. त्याला केंद्र नाही, मालक नाही आणि आधी काढलेला नकाशाही नाही. प्रश्न एवढाच, की अशा जाळ्यात एक निरोप सगळ्यांना कसा सांगायचा? उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, आणि आज मला त्याबद्दलच सांगायचं आहे.

कर्णोपकर्णी

बिनतारी जाळ्यांचा इतिहास हवाई बेटांपासून सांगतात. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली ‘अलोहा’ नावाचं जाळं सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरून मुख्य संगणकाशी रेडिओनं बोलायचं होतं. त्यांचा नियम साधा होता. ज्याला बोलायचं आहे त्यानं बोलावं. दोघं एकदम बोलल्यामुळे निरोप बिघडला, तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावं. पण याची किंमत किती, याचं गणितही अब्रॅमसन यांनीच मांडलं. असं मोकाट बोलू दिलं, तर उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. बाकीचा वेळ शांततेत तरी जातो, नाहीतर गोंधळात.

पुढं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फिरत्या यंत्रांचं रेडिओजाळं बांधलं. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी तिथं रस्त्यावरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली माहिती तीन वेगवेगळ्या जाळ्यांमधून फिरून आली. आजच्या इंटरनेटच्या इतिहासात हा दिवस मानाचा आहे. त्या जाळ्यात निरोप पुढं नेण्याचं काम उंच जागी बसवलेली यंत्रं करत होती.

पण जिथं अशी यंत्रं बसवलेलीच नाहीत, तिथं काय? पहिली सुचणारी युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. गावात बातमी पसरते ती कर्णोपकर्णी. यंत्रांनाही तेच शिकवायचं. निरोप पहिल्यांदा कानावर आला, की एकदा मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. तोच निरोप दुसऱ्यांदा आला, तर सोडून द्यायचा. निरोपावर क्रमांक असतो, त्यामुळे नवा कोणता आणि जुना कोणता हे यंत्राला कळतं. या पद्धतीला इंग्रजीत ‘फ्लडिंग’, म्हणजे पूर आणणं म्हणतात. वाट शोधायला नको, नकाशा नको. पाणी जसं सगळीकडे शिरतं तसा निरोप शिरतो.

वाऱ्यावर विरलेला निरोप

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. हा विषय आला, की फळ्यावर काही लिहिण्याआधी मी मुलांना मैदानावर नेतो. पन्नासेक मुलं पसरून उभी राहतात. एका कोपऱ्यातल्या मुलाला मी एक चार आकडी संख्या सांगतो. नियम असा, की ऐकू आलेली संख्या प्रत्येकानं एकदा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायची. पहिली दोन-चार मुलं बोलेपर्यंत सगळं ठीक चालतं. मग एकदम दहा जण बोलू लागतात आणि पलीकडच्यांना नुसता कलकलाट ऐकू येतो. दूरच्या कोपऱ्यातली मुलं भलतीच संख्या सांगतात, काही जण तर काहीच ऐकलं नाही म्हणतात. मुलं हसतात, पण मुद्दा त्यांना पटलेला असतो.

रेडिओयंत्रांचंही हेच होतं. १९९९ साली तैवानमधल्या चार संशोधकांनी या गोंधळाचं नीट मोजमाप केलं आणि त्याला ‘प्रसारणाचं वादळ’ असं नाव दिलं. त्यांनी मांडलेलं गणित मला फार आवडतं, कारण ते घरी टेबलावरही करून पाहता येतं.

दोन सारख्या बांगड्या घ्या. एक बांगडी म्हणजे पहिल्या यंत्राचा आवाज जिथवर पोचतो ते वर्तुळ. ज्यानं निरोप ऐकला, तो या वर्तुळाच्या आतच कुठंतरी असणार. तो पुढं बोलेल तेव्हा त्याचं वर्तुळ म्हणजे दुसरी बांगडी. तो अगदी कडेवर उभा असेल, तर दुसऱ्या बांगडीची कड पहिलीच्या मध्यातून जाईल. ही सगळ्यात फायद्याची जागा. तरीही दुसऱ्या वर्तुळाचा ३९ टक्के भाग आधीच ऐकलेल्यांचा असतो, नवी जागा मिळते ती ६१ टक्के. यापेक्षा जास्त मिळूच शकत नाही. तो कडेवर नसून कुठंही असू शकतो असं धरलं, तर सरासरी ४१ टक्के. निरोप आधीच दोन ठिकाणांहून कानावर आला असेल आणि तरी तो बोलला, तर नव्या जागेची सरासरी १९ टक्क्यांवर येते. चार वेळा ऐकल्यानंतर बोलला, तर ५ टक्क्यांहूनही कमी.

म्हणजे गर्दी जितकी जास्त, तितकं प्रत्येकाचं बोलणं निरुपयोगी. एका सभागृहात शंभर यंत्रं असतील, तर पहिलं बोललं तेव्हाच सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नियमाप्रमाणे उरलेली नव्व्याण्णव यंत्रं तेच पुन्हा म्हणतात. त्यानं बॅटरी खर्च होते आणि दुसऱ्या कुणाला खरोखरच काही सांगायचं असेल, तर त्याला वाव राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, बोलण्याआधी कानोसा घ्यावा. यंत्रं तो घेतातही. पण त्यात एक अडचण आहे. टेकडीच्या अलीकडे एक वाडी आहे, पलीकडे दुसरी, आणि माथ्यावर देऊळ. दोन्ही वाड्यांना देऊळ दिसतं, पण त्या एकमेकींना दिसत नाहीत. दोन्हीकडच्या यंत्रांनी कानोसा घेतला, दोघांनाही शांतता वाटली आणि दोघं एकदम बोलले. देवळातल्या यंत्राला मात्र दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू आले, म्हणजे काहीच कळलं नाही. दोघांमधल्या बोलण्यात ‘पोचलं’ अशी पावती मागता येते. सगळ्यांना उद्देशून बोलताना पावती मागायची सोय नसते, कारण सगळ्यांनी एकदम पावती दिली तर तोही गोंधळच. त्यामुळे निरोप बिघडला हे बोलणाऱ्याला कळत नाही.

गप्प कुणी राहायचं?

तेव्हा खरा प्रश्न आहे तो गप्प कुणी राहायचं याचा. आणि हे ठरवणारा वर कुणी नाही. प्रत्येक यंत्रानं आपल्यापुरतं ठरवायचं आहे.

पहिला उपाय मोजण्याचा. निरोप ऐकला की लगेच बोलायचं नाही. थोडं थांबायचं, प्रत्येकानं वेगवेगळा वेळ, आणि तेवढ्यात तोच निरोप आणखी किती जणांकडून ऐकू येतो ते मोजायचं. तीन-चार वेळा ऐकू आला, तर गप्प बसायचं. मैदानावरच्या मुलांना मी दुसऱ्या फेरीत हाच नियम देतो, आणि संख्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पुष्कळच धड पोचते. या नियमाचा मोठा गुण म्हणजे तो जागा पाहून वागतो. दाट वस्तीत बहुतेक जण आपोआप गप्प होतात. विरळ वस्तीत दुसरं कुणी बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून प्रत्येक जण बोलतो. त्यापेक्षा नाणं उडवून निम्म्यांना गप्प बसवलं, तर नेमका तो एकटा गप्प बसू शकतो, ज्याच्यावाचून पलीकडच्या वाडीला बातमी कळणारच नाही.

दुसरा उपाय अंतराचा. बांगड्यांच्या गणितात आपण पाहिलं, की कडेवरच्याच्या बोलण्याचा फायदा सर्वांत जास्त. मग कडेवरच्यालाच आधी बोलू द्यावं. ज्याला आवाज क्षीण ऐकू आला तो बहुधा दूर आहे. त्यानं कमी थांबायचं. ज्याला खणखणीत ऐकू आला तो जवळ आहे; त्यानं जास्त थांबायचं, आणि दूरच्यानं काम केलेलं ऐकलं तर गप्प राहायचं. मोटारींनी एकमेकींना धोक्याची सूचना द्यावी म्हणून ज्या पद्धती आखल्या आहेत, त्यांतही हे तत्त्व आहे. घाटात धुक्यात पुढच्या गाडीनं करकचून ब्रेक लावला, तर ती सूचना मागं नेण्याचं काम लगतच्या गाडीपेक्षा शंभर-दोनशे मीटर मागच्या गाडीनं करणं शहाणपणाचं.

तिसरा उपाय नेमणुकीचा. तो फ्रान्समधल्या ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेत विकसित झाला आणि २००३ साली इंटरनेटच्या नियमावलीत प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक यंत्र दर दोन सेकंदांनी एक छोटी आरोळी देतं, ‘मी इथं आहे, आणि मला अमुक अमुक जण ऐकू येतात.’ त्यामुळे प्रत्येकाला आपले शेजारी तर कळतातच, शेजाऱ्यांचे शेजारीही कळतात. समजा, माझे चार शेजारी आहेत, सावंत, परब, कदम आणि जोशी. सावंतांच्या पलीकडे एक घर आहे, जिथं दुसरं कुणीच पोचत नाही. परबांच्या पलीकडे तीन घरं आहेत. कदमांच्या पलीकडे त्याच तिनांपैकी दोन आहेत. जोशांच्या पलीकडे नवं कुणी नाही. तर सावंतांना नेमलंच पाहिजे, कारण ती एकच वाट आहे. त्यानंतर परबांना, कारण तिथून सर्वाधिक घरं मिळतात. कदम आणि जोशी यांनी माझा निरोप ऐकायचा आणि स्वस्थ बसायचं. चारांपैकी दोघांनीच तोंड उघडलं आणि एकही घर सुटलं नाही.

अर्थात याचीही किंमत आहे. त्या दर दोन सेकंदांच्या आरोळ्याही हवेतच जातात. आणि माणसं फिरू लागली, की कालची नेमणूक आज उपयोगाची राहत नाही. म्हणून स्थिर जागी नेमणूक बरी आणि फिरत्या जाळ्यात मोजणं बरं, असा साधारण अनुभव आहे.

वर्गातला धडा

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे असं समजू नका. गरीब देशांतल्या मुलांसाठी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ नावाची मोहीम निघाली होती. २००७ साली तिचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात इथल्या छोट्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये अशीच जाळी बसवलेली होती. लॅपटॉपनं लॅपटॉपशी बोलावं, एकाचा निरोप दुसऱ्यानं पुढं न्यावा आणि तारेवाचून गाव जोडलं जावं, अशी ती कल्पना होती.

घरं दूर दूर असतील आणि यंत्रं थोडी असतील, तिथं अशी कल्पना चालते. पण जगात ठिकठिकाणी मोठ्या वर्गांत डझनावारी लॅपटॉप एकत्र उघडले गेले, तेव्हा अडचण आली. प्रत्येक लॅपटॉप ‘मी इथं आहे’ असं सगळ्यांना सांगे, आणि इतर लॅपटॉप ते पुन्हा सांगत. मुलांनी काही पाठवण्याआधीच हवा भरून जाई. शेवटी मोठ्या शाळांना सल्ला दिला गेला तो वर्गात नेहमीचं वाय-फायचं केंद्र बसवण्याचा, आणि पुढच्या लॅपटॉपमधून ती जाळी काढून टाकण्यात आली. दूरच्या वस्तीसाठी आखलेलं जाळं दाटीत गुदमरलं.

पुढच्या जाळ्यांत या धड्याचा विचार केलेला दिसतो. २०१७ साली आलेल्या ब्लूटूथच्या जाळ्यात, जे मुख्यतः इमारतींतल्या दिव्यांसाठी वापरलं जातं, निरोप पुढं न्यायचं काम प्रत्येक यंत्राला सक्तीचं नाही. ते चालू-बंद करता येतं. विजेवर चालणारा दिवा ते काम करतो. बॅटरीवरचं बटण नुसतं आपलं सांगून झोपी जातं. निरोपावर टप्प्यांची मर्यादाही लिहिलेली असते, म्हणजे तो कायम घुमत राहत नाही.

२०२० साली सुरू झालेलं ‘मेशटास्टिक’ हे हौशी लोकांचं जाळं आज अनेक देशांत आहे. तळहाताएवढी यंत्रं, थोडे शब्द, पण मोकळ्या जागेत पल्ला काही किलोमीटरचा. आपल्याकडे २००५ सालीच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मुक्त झाला. या जाळ्यात ज्याला आवाज क्षीण ऐकू आला तो आधी बोलतो, म्हणजे आपला दुसरा उपाय. निरोप एरवी तीन टप्पे जातो, फार तर सात. जाणकार नवख्यांना आवर्जून सांगतात, की आपलं यंत्र उंच, मोक्याच्या जागी नसेल तर त्याला मुख्य सहक्षेपकाची भूमिका देऊ नका. हौसेनं सगळ्यांनी ती घेतली, की जाळं सुधारण्याऐवजी बिघडतं.

सगळ्यांनी एकदम बोलूनही भागेल अशी एक वाट मात्र आहे, तीही सांगतो. आरतीला शंभर जण एकदम गातात, तरी शब्द कळतात, कारण शब्द तेच आणि ताल तोच. झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली छोट्या यंत्रांकडून हेच करून घेतलं. तोच निरोप सगळ्यांनी अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या वीस लाखाव्या भागाच्या आत, एकत्र म्हटला तर तो बिघडत नाही. पण एवढा काटेकोर ताल धरायला यंत्रं एकजात, त्यासाठीच जुळवलेली लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलकडून ती अपेक्षा करता येत नाही.

संकटाच्या वेळी

२०२३ साली तुमच्यापैकी अनेकांचे मोबाइल एकाएकी मोठ्यानं वाजले असतील आणि पडद्यावर सरकारचा चाचणी-इशारा आला असेल. ती चांगली सोय आहे. मनोरा एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे मोबाइल ऐकतात, म्हणजे रेडिओचंच तत्त्व. मनोरा उभा आहे तोवर त्याहून चांगलं काही नाही. मनोरा पडल्यावर काय, याचं उत्तर हातोहात चालणाऱ्या जाळ्यात आहे. मात्र त्याच्याकडून किती अपेक्षा करायची, हे आधी माहीत हवं. त्यातून थोडे शब्द जातील, चित्रफिती जाणार नाहीत. निरोप पोचला याची खात्री मिळणार नाही. आणि धरण फुटल्याची अफवाही त्याच वाटेनं, त्याच वेगानं पसरेल. म्हणून अधिकृत इशाऱ्याला यंत्राला तपासता येईल अशी खूण हवी, आणि ती व्यवस्था संकटाआधी व्हायला हवी.

एखाद्या दरडीच्या किंवा पुराच्या गावानं असं जाळं उभारायचं ठरवलं, तर मी काय सांगेन? घरोघरी शक्तिशाली यंत्रं वाटू नका. आधी गावाभोवती फिरा. पाण्याची उंच टाकी, शाळेचं छत, डोंगरावरचं देऊळ अशा मोजक्या जागा निवडा. तिथून एकमेकांना ऐकू येतं का ते पावसाळ्यात, झाडं पानांनी भरलेली असताना, तपासा. एका जागेवरचं यंत्र बंद पडलं तर दुसरं कामाला येईल, एवढी मात्र जोड ठेवा. त्या यंत्रांना सौर पट्टी आणि चांगली बॅटरी द्या. पुढं सांगायचं काम त्यांचंच. घरातली यंत्रं साधी चालतील. त्यांनी ऐकायचं, मदत हवी असेल तेव्हा आपलं सांगायचं, आणि एरवी हवा मोकळी ठेवायची, म्हणजे ज्याचं घर पाण्यात आहे त्याचा क्षीण आवाज टाकीवरच्या यंत्रापर्यंत पोचेल.